ऑर्ग-मोडच्या टिपणातून थेट इंकस्केप

इमॅक्स या मजकूर-संपादकाच्या ऑर्ग-मोडमध्ये, म्हणजे टिपणांसाठीच्या सोयीत, टिपणे काढताना मध्येच आकृती लागली, की चित्र वेगळे उघडून शोधत बसू नका. टिपणांशेजारी ‘चित्रे’ नावाचा फोल्डर करा आणि दुहेरी चौकटी कंसात एसव्हीजी (रेषाचित्रांचा एक प्रकार) फाइलची लिंक द्या. पत्ता सापेक्षच, म्हणजे टिपणाच्या जागेपासूनचा, ठेवा. पूर्ण पत्ता दिलात तर फोल्डर हलवताच सगळ्या लिंका तुटतात.

लिंकवर कंट्रोल-सी, कंट्रोल-ओ दाबले की सहसा चित्र इमॅक्समध्येच उघडते. ‘ऑर्ग-फाइल-ॲप्स’ या सेटिंगमध्ये एसव्हीजीसाठी इंकस्केप या चित्रे काढायच्या प्रोग्रामची नोंद केली, की तीच कळ इंकस्केप उघडते. खरी अडचण नव्या चित्राची. फाइल अस्तित्वातच नसेल तर इंकस्केप उघडणार काय? म्हणून हव्या त्या आकाराची एक कोरी एसव्हीजी नमुना म्हणून जपा आणि दर वेळी तिची प्रत नव्या नावाने करा. माझ्या मते एवढ्यानेच निम्मा त्रास वाचतो.

चित्र टिपणातच दिसावे म्हणून कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-व्ही. इंकस्केपमध्ये बदल जतन केल्यावर जुनेच चित्र दिसत राहिले, तर कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबा. एसव्हीजी मुळात मजकूरच असल्याने टिपणांबरोबर गिटमध्येही (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) ती सुखाने नांदते.