मेडिकल, नर्सिंग, फार्मसी एकाच वर्गात: शिकवणाऱ्यांनी या चुका टाळा

एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसीची मुलं एका हॉलमध्ये बसवली की आंतरव्यावसायिक शिक्षण झालं, असा समज अजूनही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या आराखड्यात यासाठी तीन अटी आहेत. वेगवेगळ्या व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकले पाहिजेत. अशा एकत्र वर्गात मुलांना कसे शिक्षक आवडतात, याचं उत्तर बरंचसं या तीन अटींतच सापडतं.

सुरुवातीलाच उतरंड लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एमबीबीएसच्या मुलाला ‘डॉक्टर, तुम्ही सांगा’ आणि नर्सिंगच्या मुलीला ‘सिस्टर, तुम्ही फळ्यावर लिहा’. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण त्या मुलीने जे ओळखायचं ते ओळखलेलं असतं. मग तासभर ती तोंड उघडत नाही आणि नंतर आपण म्हणतो, नर्सिंगची मुलं बोलतच नाहीत.

वेगवेगळ्या गटांतले गैरसमज कशाने कमी होतात याबद्दल गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये चार गोष्टी मांडल्या होत्या: समान दर्जा, सामायिक ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा. वॉर्डातली उतरंड एका तासात मोडणार नाही, हे मान्य. पण त्या तासापुरता समान दर्जा देणं पूर्णपणे शिक्षकाच्या हातात असतं. सगळ्यांना नावाने हाक मारा. गटाच्या वतीने कोण मांडणार हे दर वेळी बदला. पहिला प्रश्न एमबीबीएसच्या बाकाकडे बघून विचारू नका.

निदान सापडलं की संपणारी केस

केस जर निदानाचं कोडं असेल, तर उरलेल्यांनी करायचं काय? ती डिस्चार्जच्या दिवसापासून सुरू करा आणि आपल्या गावातली घ्या.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या एक बाई आहेत. घरी तेलुगू बोलतात. मधुमेह आधीपासून आहे, आता क्षयरोग निघालाय. वजनानुसार रोज किती गोळ्या द्यायच्या, हे एमबीबीएसचा मुलगा सांगेल. फार्मसीची मुलगी त्याला थांबवेल, कारण रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधामुळे ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा असर कमी होतो, साखर वाढू शकते आणि मधुमेहाच्या औषधांकडे डॉक्टरांनी पुन्हा बघायला हवं. नर्सिंगची मुलगी विचारेल, ‘लघवीला लालसर रंग येईल, घाबरू नका, हे त्यांना कुणी सांगितलंय का?’ एवढं न सांगितल्यामुळे औषध मधेच बंद पडू शकतं. आहाराचं बघणारी मुलगी भाकरी आणि शेंगाचटणीच्या ताटात प्रथिनं कशी वाढवायची ते बघेल. समाजकार्याचा विद्यार्थी मजुरीवर बोट ठेवेल. हजार विड्यांमागे पैसे मिळत असतील, तर रुग्णालयात घालवलेला दिवस कमाईतून जातो. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे, सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) बँक खात्यात येतात की नाही, हेही तोच तपासेल. आणि हे सगळं त्या बाईंना तेलुगूत समजावून सांगू शकणारा कदाचित फिजिओथेरपीचाच एखादा मुलगा निघेल.

इथे कुणालाही ओढूनताणून बोलतं करावं लागत नाही. अशी केस तयार करायला वेळ लागतो, पण शिक्षकाने तयारी केली आहे हे मुलांना लगेच कळतं आणि त्याची कदरही होते.

दुसऱ्या शाखेत काय शिकवतात हे माहीत नसणं

निदान अभ्यासक्रम चाळा, त्या शाखेतल्या सहकाऱ्याशी बोला. वर्ष बघून जोड्या लावू नका. नर्सिंगची पहिल्या वर्षाची मुलगी वॉर्डात टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेते, तर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात वॉर्डाची फक्त झलक मिळते. वॉर्डाचा अनुभव बघून गट पाडा.

दुसरा शिक्षक शोभेपुरता

दोन शाखांचे शिक्षक नेमायचे, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने हजेरी घ्यायची, हे नको. शिक्षक एकमेकांशी कसे बोलतात यावर मुलांचं बारीक लक्ष असतं. डॉक्टर सरांनी नर्सिंगच्या मॅडमना ‘हे मला नीट माहीत नाही, तुम्ही सांगा’ म्हटलं, तर टीमवर्कवरच्या स्लाइडची गरज उरत नाही. मतभेद असला तर तोही मुलांसमोरच, नीट शब्दांत होऊ द्या.

वर्ग अडकला तर

एकच जण बोलत असेल तर आधी दोन मिनिटं सगळ्यांना कागदावर लिहू द्या. गटात वाद पेटला तर मिटवायची घाई नको, ‘याचा रुग्णावर काय परिणाम होईल?’ एवढंच विचारा. एखाद्याने दुसऱ्या शाखेची टिंगल केली तर मात्र तिथेच थांबवा. शिक्षक हसला, तर त्या दिवशीचं बाकी सगळं शिकवणं वाया गेलं.

शेवटची पंधरा मिनिटं चर्चेसाठी राखून ठेवा. ‘दुसऱ्या शाखेकडून आज काय कळलं, जे उद्या वॉर्डात वापरशील?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. घाईत हाच भाग कापला जातो.

आणि वेळापत्रक. सकाळची ड्युटी करून आलेल्या मुलींना एप्रिलमधल्या सोलापुरी दुपारी अडीच वाजता बसवून उत्साह कसा मागणार? तारीख ठरवण्याआधी सगळ्या कॉलेजांचं पोस्टिंग मागवून घ्या आणि शक्यतो सकाळची वेळ धरा.