कोग्गलाच्या कॅटालिनाची गोष्ट सांगताना या चुका टाळा

४ एप्रिल १९४२. सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) दक्षिणेला गस्तीवर असलेली कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनची कॅटालिना फ्लाइंग बोट (पाण्यावरून उडणारं विमान) जपानी झिरो विमानांनी पाडली. गॉलजवळच्या कोग्गला सरोवरावरून पहाटे उडालेल्या या विमानाने पडण्याआधी जपानी अ‍ॅडमिरल नागुमोच्या विमानवाहू ताफ्याची खबर कोलंबोला दिली. गोष्ट थरारक आहे, म्हणूनच ती सांगताना माणसं वाहवत जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘एका वैमानिकाने सिलोन वाचवले’ हे वाक्य. या कॅटालिनाचे वैमानिक स्क्वाड्रन लीडर लेनर्ड बर्चल (कॅनडाचे, ब्रिटनचे नव्हेत) यांचं धैर्य वादातीत आहे. पण जपानी हल्ला येणार हे ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांना गुप्त संदेशांवरून आधीच कळलं होतं. १ एप्रिलच्या सुमारास त्यांनी ताफा घेऊन वाटही पाहिली, कोणी आलं नाही म्हणून जहाजं इंधन-पाण्यासाठी मालदीवमधल्या अड्डूला गेली. बर्चलच्या खबरेने नेमकं ठिकाण आणि वेळ कळली, एवढं तिचं मोल. तेही पुरतं वसूल झालं नाही. ५ तारखेच्या सकाळी रडारकडून इशारा मिळालाच नाही आणि डोक्यावर जपानी विमानं आली तेव्हा कोलंबोजवळच्या रत्मलाना तळाची हरिकेन लढाऊ विमानं जमिनीवरच होती. त्याच दुपारी ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या ब्रिटिश क्रूझर युद्धनौका बुडाल्या.

संदेशाबद्दलही घोळ होतो. नियमाप्रमाणे तो तीनदा पाठवायचा होता, तिसऱ्या खेपेला वायरलेस गोळ्यांनी निकामी झाला. कैद झाल्यावर चालक दलाने संदेश पाठवलाच नाही असं सांगितलं. बर्चल यांच्या सांगण्यानुसार, नेमकी तेव्हाच कोलंबोची ‘पुन्हा पाठवा’ ही विनंती जपान्यांनी पकडली आणि कैद्यांना मार बसला. पुन्हा पाठवण्याची विनंती अशी अंगाशी आली!

‘पळून का गेले नाहीत?’ असं विचारणाऱ्यांनी वेग बघावा. कॅटालिना ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, झिरो ५०० च्या वर.

‘बेपत्ता’ म्हणजे मृत, असंही धरू नका. नऊ जणांपैकी सहा जणांना ‘इसोकाझे’ या जपानी विनाशिकेने उचललं. बर्चल १९४५ पर्यंत जपानी कैदेत होते. याच स्क्वाड्रनची दुसरी कॅटालिना ९ एप्रिलला पाडली गेली, तिच्यातलं कोणीच परतलं नाही. या दोन्हींची सरमिसळ वारंवार दिसते, तेव्हा आधी तारीख जुळवा. ज्यांची कबर नाही अशा वैमानिकांची नावं शोधायची तर सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर पाहा.

आपल्याकडची खास चूक: ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब पडले, ते नागुमोच्या खात्यावर टाकले जातात. ती विमानं बंगालच्या उपसागरात शिरलेल्या अ‍ॅडमिरल ओझावाच्या वेगळ्या जपानी ताफ्यातल्या ‘र्‍युजो’ या विमानवाहू नौकेची होती.