मुलांचे डोळे आणि घराण्यातील नेत्रविकार: या चुका टाळा

लहान मुलाला कमी दिसत असेल तर ते आपण होऊन सांगेल, ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. ज्याला जन्मापासून सगळे धूसरच दिसले, त्याला इतरांना ते स्पष्ट दिसते हे कळण्याचे कारणच नसते. आणि एक डोळा चांगला, दुसरा अधू असेल तर मूल चांगल्या डोळ्यावर निभावून नेते, त्यामुळे घरच्यांनाही शंका येत नाही. म्हणून ज्या घराण्यात तिरळेपणा, लहानपणीच लागलेला जाड भिंगांचा चष्मा, जन्मजात मोतीबिंदू, काचबिंदू किंवा रातांधळेपणा आहे, तेथे तक्रारीची वाट पाहू नये.

घराण्याची माहिती न सांगणे

ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव कोकणात किंवा घाटावर असते, आणि आजोबांना संध्याकाळनंतर का दिसत नव्हते ही गोष्ट गावीच राहून गेलेली असते. डॉक्टरांनी विचारले की "आमच्याकडे कोणाला काही नाही" असे उत्तर सहज दिले जाते. काही वेळा ते जाणूनबुजून दिले जाते, कारण घरात कोणाचे तरी लग्न जमायचे असते. ही लपवाछपवी मुलाच्या दृष्टीवर, क्वचित जिवावरही बेतू शकते. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचा, कर्करोग सुमारे ४० टक्के बालरुग्णांत आनुवंशिक स्वरूपाचा असतो. आई किंवा वडिलांना तो लहानपणी झालेला असल्यास बाळाचे डोळे जन्मानंतर लगेच, आणि पुढेही डॉक्टर सांगतील त्या अंतराने, तपासावे लागतात. एका भावंडाला तो झाला असेल तर इतर भावंडांनाही तपासणीसाठी न्यावे. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकत असेल तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे; तो मोतीबिंदूही असू शकतो, आणि दाट जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत झाली तर दृष्टी वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालेले असेल तर तेही सांगावे, कारण काही विकारांत जनुकातील दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आला तरच आजार प्रकट होतो. लाल-हिरव्या रंगांचा रंगांधळेपणा मात्र बहुधा आईच्या वडिलांकडून, आईला काहीही त्रास नसताना, नातवाकडे येतो. तो लहानपणी कळला नाही तर रेल्वेत लोको पायलट होऊ पाहणाऱ्या मुलाला तो थेट वैद्यकीय चाचणीत कळतो.

लक्षणांचे कौतुक करणे

तान्ह्या बाळाच्या टपोऱ्या डोळ्यांचे सगळे कौतुक करतात. पण बुबुळ नेहमीपेक्षा मोठे किंवा धुरकट दिसत असेल, डोळ्यांतून सतत पाणी येत असेल आणि बाळ उजेडात डोळे घट्ट मिटत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. अशा वेळी काजळ, मध किंवा आईचे दूध डोळ्यांत घालण्यात दिवस घालवू नयेत. तिरळा डोळा शुभ असतो किंवा मोठेपणी आपोआप सरळ होतो, हेही खरे नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल तर तपासणी हवीच; उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि नंतर चष्मा देऊनही नजर पूर्ण सुधारत नाही.

रातांधळेपणा दिसला की गाजर आणि पालक वाढवले जातात. त्यामागे 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर तिचा उपचार डॉक्टर करतील, परंतु दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारावर आहार हा उपाय नाही.

दुकानात नंबर काढून घेणे

मुलांच्या डोळ्यांची जवळचे पाहण्याची ताकद मोठी असते, त्यामुळे थेंब न घालता यंत्रावर काढलेला नंबर चुकू शकतो. बाहुली मोठी करणारे आणि ही ताकद तात्पुरती सैल करणारे थेंब घालूनच तपासणी करून घ्यावी. त्यानंतर काही तास, औषधानुसार काही दिवसही, जवळचे धूसर दिसते, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नये. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. अधू डोळा वापरला जावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली असेल तर मूल रडते म्हणून ती सोडू नये. सात वर्षांच्या आत या उपचाराचा गुण चांगला येतो.

शाळेत तपासणी झाली, एवढ्यावर थांबणे

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत एकदा मुलांची आरोग्य तपासणी होते. तीत शंका आढळल्यास दिलेली चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नये. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या खासगी शाळेतील मुलांच्या वाट्याला ही तपासणी येईलच असे नाही. घराण्यात दोष असेल तर पहिल्या वर्षात, तीन वर्षांचे झाल्यावर आणि पहिलीच्या आधी मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे, आणि जाताना घरातील इतरांच्या चष्म्यांचे व शस्त्रक्रियांचे जुने कागद बरोबर ठेवावेत.