जुनी शाळा कोणी डिझाइन केली हे शोधताय? या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या शाळांच्या स्मरणिका वाचून वाचून मी आता थकलोय. जरा कमानी दिसल्या की लगेच "आर्किटेक्ट जॉर्ज विटेट", का तर गेटवे त्याचं. अहो, विटेट मुंबईत आला 1904 ला, मग 1890 च्या आसपासच्या शाळेचा नकाशा त्याने कसा काढला? व्हीटी स्टेशन डिझाइन करणारा स्टीव्हन्स तर 1900 मध्येच वारला. नाव छापायच्या आधी माणसाचा काळ बघा, दोन मिनिटं लागतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे कोनशिला. आमच्या तालुक्यात एक शाळा आहे, जांभ्याच्या भिंतीत संगमरवरी पाटी, त्यावर कलेक्टरचं नाव. अख्खा गाव म्हणायचा साहेबानेच नकाशा काढला आणि मीही एका लेखात तेच लिहून मोकळा झालो. पुढे दोन वर्षांनी शाळेच्या कपाटात हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली कापडाचं अस्तर लावलेला निळा नकाशा मिळाला, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. खाली उजवीकडे तीन सह्या होत्या, काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. कलेक्टर कुठेच नाही! मंजुरी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरची, आणि काढणाऱ्याची सही चक्क मोडीत. ज्याने एकेक खिडकी आखली त्याचं नाव गावात कोणालाच माहीत नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून मंजूर करणाऱ्यालाही मी डिझायनर म्हणत नाही, तिन्ही नावं तशीच लिहितो.

मंगलोरी कौलावरचा छाप कारखान्याचा असतो, त्यावरून इमारतीचं वय काढू नका, आपल्याकडच्या पावसात कौलं कितीदा बदलतात. रत्नागिरीचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, 1880 चं आहे, त्यानंतरची शाळा त्यात सापडणार नाही.

ग्रुपवर "कोणाला माहितीये का, अर्जंट" असं टाकून उत्तर मिळत नाही हो. मी आधी शाळेचं कपाट बघतो, मग शाळा लोकल बोर्डाच्या पैशातली असेल तर झेडपीचा बांधकाम विभाग, कारण झेडपी 1962 ला आल्या आणि त्याआधी कारभार बोर्डाकडे होता. तिथेही नाही मिळालं तर मुंबईचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दप्तर, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. मोडी वाचणारा माणूस सोबत न्या, नाहीतर हेलपाटा.

आणि नकाशा हाती लागलाच तर कृपा करून लॅमिनेट करू नका. उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, सह्यांच्या कोपऱ्याचा वेगळा, अगदी जवळून.