ब्लेकचा वाघ आणि आपली लघु-गुरूची सवय

बडोद्यातल्या मराठी मुलांच्या कानावर 'यमाताराजभानसलगा' हे लघु-गुरूचे गण लक्षात ठेवायचं सूत्र दोनदा पडतं: घरी मराठी वृत्तांमुळे आणि शाळेत गुजराती छंदांमुळे. इंग्रजी कविता तपासताना नेमकी हीच सवय आडवी येते.

विल्यम ब्लेकची 'द टायगर' (1794) घ्या. कडवी 6, ओळी 24. आधी सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, मोजा, पण देवनागरीत लिहून नको. 'ब्राइट' तीन अक्षरी दिसतं, सिलॅबल मात्र एकच. हनुवटीखाली हात धरून सावकाश म्हणा. हनुवटी जितक्यांदा खाली जाईल, तितके सिलॅबल.

मग आघात, म्हणजे जोर कुठल्या सिलॅबलवर पडतो ते. टाय-गर टाय-गर बर्-निंग ब्राइट: 7 सिलॅबल, आघात 1, 3, 5, 7 वर. आधी जड, मग हलकं, या जोडीला ट्रॉकी म्हणतात. शेवटच्या जोडीतलं हलकं गाळलंय, म्हणून ओळ घणाच्या घावासारखी थांबते. दुसऱ्या ओळीत 'फॉरेस्ट्स'मधला 'रे' आपल्या हिशेबाने गुरूच, तरी आघात 'फॉ'वर पडतो. तेव्हा लघु-गुरूच्या खुणा करूच नका.

आता 4, 10, 11, 18, 20 आणि 24 या ओळी पाहा. इथे 8 सिलॅबल भरतात आणि सुरुवात हलकी होते ('कुड फ्रेम दाय...'). आधी हलकं, मग जड, हा आयँब. सगळीकडे ट्रॉकी लिहून मोकळे होणारे इथे फसतात. 'फायर'ही फसवतो: सहाव्या ओळीत तो दोन सिलॅबलांचा, आठव्या ओळीत एकाचा.

यमक सोपं आहे, दोन-दोन ओळींचं. ते स्पेलिंगवरून ठरवू नका: 'हार्ट' जुळतो 'आर्ट'शी. 'स्पिअर्स'पुढचा 'टिअर्स' म्हणजे अश्रू, फाडणं नव्हे. 'आय' आणि 'सिमेट्री' आजच्या उच्चारात जुळत नाहीत. ती जोडी पहिल्या आणि शेवटच्या कडव्यात येते, आणि दोन्हीकडे जोडीतली दुसरी ओळ आयँबची. यमक आणि लय एकाच जागी अडखळतात, हे लिहायलाच हवं.

पुनरुक्तीसाठी पेन्सिलीने 'व्हॉट'ला गोल करा. कवितेत 14 सापडतील, त्यातले 5 एकट्या चौथ्या, हातोडा-ऐरणीच्या कडव्यात. पाचव्यात एकही नाही; तिथे 'डिड ही' दोनदा. हत्यारांची चौकशी संपून प्रश्न थेट कर्त्यावर येतो. शेवटचं कडवं म्हणजे पहिलंच, फक्त 'कुड'च्या जागी 'डेअर'. घडवण्याची ताकद कुणात होती, हे आधी विचारलं. आता विचारलंय, छाती कुणाची झाली.