येऊरचं सोनेरी गवत फोटोत फिकट येत होतं, त्यावर सापडलेला उपाय

पाऊस परतला की ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरउतारांवरचं गवत पिवळं पडू लागतं. शरदातला हा रंग मला वर्षभरात सर्वांत प्रिय. पण कॅमेऱ्यात तो राखाडी उतरायचा, आकाश पांढरंफटक आणि पानांवर नुसती चकाकी.

पहिला फरक पडला व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे फोटोतल्या रंगांची ऊब-थंडपणा ठरवणाऱ्या सेटिंगमुळे. ऑटोवर कॅमेरा सकाळचा पिवळेपणा ‘दुरुस्त’ करून टाकतो. ‘क्लाउडी’ ठेवल्यावर ऊब परत आली. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं कमी करून −०.७ वर नेल्यावर गवताची टोकं फोटोत पांढरीफटक पडायची थांबली.

खरी जादू मात्र पोलरायझर फिल्टरची, म्हणजे लेन्ससमोर लावायच्या, चकाकी कापणाऱ्या फिरत्या काचेची. पानांवरची चकाकी गेली की खालचा खरा रंग दिसतो. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक, म्हणून सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवून उभं राहायचं आणि फिल्टर हळूहळू फिरवत बघायचं. वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला जास्त गडद होतं, तिथे थोडं झूम करावं. फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवा. मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवावी, चालतं!

वेळ महत्त्वाची. ऑक्टोबरच्या मध्यात ठाण्यात साडेसहाच्या सुमारास उजाडतं. नऊनंतर ऊन फार कडक, मग मी फक्त सावलीतले तपशील टिपते.

ठाण्यातल्याच उपवन तलावावर प्रतिबिंब हवं असेल तर फिल्टर काढूनच ठेवा, नाहीतर तो पाण्यातली झाडंच पुसून टाकतो.