काचा पुसायच्या आदल्या रात्री

दिवाळीच्या आवराआवरीत काचांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि तोवर अंगात त्राण उरलेलं नसतं. मग हाताला लागेल ते फडकं, नळाखालची बादली, घाईघाईत चार हात. दुसऱ्या दिवशी सकाळचं तिरपं ऊन आलं की सगळे फराटे उघडे पडतात. म्हणून निम्मं काम आदल्या रात्रीच करून ठेवा.

पहिलं पाणी. फराटे आपल्या आळसापेक्षा पाण्यामुळेच जास्त पडतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार काचेवर राहतात. रात्री एसी लावणार असाल तर त्याच्या पाइपाखाली बादली ठेवा. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. धूळ असते, तेव्हा फडक्यातून गाळून घ्या. एसी नसेल तर शेवटच्या हातापुरतं आरओचं पिण्याचं पाणी तांब्याभर बाजूला काढा. आरओचं वाया जाणारं पाणी साठवायची सवय चांगलीच, पण ते फरशीला वापरा. त्यात क्षार उलट वाढलेले असतात. हे कळेपर्यंत मी दोन दिवाळ्या त्याच पाण्याने काचा पुसल्या!

भांड्यांचं लिक्विड अर्ध्या बादलीला छोटा चमचाभर पुरतं. जास्त फेस म्हणजे जास्त फराटे. पाण्याच्या जुन्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा. बाटलीत आधी ब्लीच असेल तर ती घेऊच नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. खिडकीचा कट्टा संगमरवरी असेल तर त्यावर जुना टॉवेल अंथरा, व्हिनेगरने पॉलिश जातं.

फडकी तीन लागतील: साबणाचं, साध्या पाण्याचं आणि कोरडं. कोरड्यासाठी पन्नासदा धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्याला तोड नाही. नव्या टॉवेलचे तंतू काचेला चिकटतात. मायक्रोफायबर असेल तर उत्तम, फक्त ते कपडे मऊ करणाऱ्या लिक्विडमध्ये बुडवलेलं नको. स्वयंपाकघरातलं फडकं तर नकोच, त्यात तेल मुरलेलं असतं. वर्तमानपत्राचा बोळा चालतो, पण पांढऱ्या चौकटीला शाई लागते आणि गुळगुळीत पुरवणी पाणी शोषत नाही. वायपर काचेचा वेगळा, वीत-दीड वीत रुंद, रबराला चीर नसलेला.

सकाळी आधी सगळं कोरडं काम. जाळ्या काढून धुवा आणि वाळत ठेवा. स्लायडिंगच्या खाचेत पावसाळाभराचा गाळ, मेलेले किडे, काय काय असतं. जुन्या टूथब्रशने तो मोकळा करा आणि मगच पाणी घाला, नाहीतर चिखल होतो. खाचेत पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात, ती काडीने उघडा. कबुतरांची घाण मात्र कोरडी खरवडायची नाही. नाकाला फडकं बांधा, ती भिजवा, मग काढा. ग्रिल आणि खाचा संपल्याशिवाय काचेला हात लावू नका.

वेळ बघून घ्या. तापलेल्या काचेवर साबण पुसण्याआधीच वाळतो, म्हणून पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर आणि पश्चिमेच्या सकाळी. स्वयंपाकघरातली खिडकी शेवटी, तिला आधी कोमट साबणपाणी लागतं.

वायपर वरून खाली ओढा आणि दर ओढीनंतर त्याचं रबर पुसा. शेवटचा कोरडा हात आतून आडवा फिरवा, बाहेरून उभा. मग फराटा राहिलाच तर तो आडवा की उभा यावरून कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. आमच्याकडे एकजण आत आणि एकजण बाहेर उभं राहून “तुझ्याकडचा”, “नाही, तुझ्याकडचा” हा वाद तासभर चालायचा.

बाहेरच्या बाजूला हात पोचत नसेल तर लांब दांड्याचा वायपर आणा. कट्ट्यावर चढायचं नाही, ग्रिल असलं तरी. आणि सुरू करण्याआधी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना हाक मारून त्यांच्या दोरीवरचे कपडे आत घ्यायला सांगा.